राहीबाईंच्या उचक्या

६ जानेवारी २०२५, सातारा

फजिती! उचकी लागली की कुणीतरी आठवण काढतंय – हे खरं की खोटं, यावर पीएच.डी. करायला निघालेय. उचकी लागली की फौजी पोरांच्या आयांनी मला मेसेज करायचा, आठवण आली की पोरांनी वेळ कळवायची. सगळं जुळत होतं! इतकं, की माझाच विश्वास बसेना. आज कुंडलच्या राहीबाईंनी उलगडा केला. उचकी लागली की त्या आधी लेकाला फोन लावतात – "ऋषिराज, काढलीस व्हय रं आठवण?" कुठला पोरगा नाही म्हणेल? वर तीच वेळ मला कळवतो.

महिन्याचं काम पाण्यात. राग कुणावर काढू?

७ जानेवारी

नवा नियम. पंधरा दिवस घरातून कुणीच पोरांशी बोलायचं नाही. राहीबाई हिरमुसल्या. "आवं बाई, त्याचा आवाज ऐकल्याबिगर घास उतरत न्हाई." मी समजूत घातली. मायलेकरांची ताटातूट करणारी मी कोण? पण शास्त्र म्हणजे शास्त्र!

११ जानेवारी

राहीबाईंच्या उचक्या वाढल्यात. बोलता बोलता व्हॉइस मेसेजमध्येच उचकी! "लय आठवण काढतंय पोरगं."

१५ जानेवारी

कुंडलला जाऊन आले. ताटात कालची संक्रांतीची पोळी तशीच. थोरली सून दीपमाला कुरकुरली, "आत्या जेवतच न्हाईत. डाक्टरकडं चला म्हटलं तर म्हणत्यात, उचकीला कसला डाक्टर?" ती साखर द्यायला निघाली, मी अडवलं. नोंद बिघडते ना! राहीबाई हसल्या. चेहरा सुजल्यासारखा वाटला. इतक्या नोंदी मिळाल्या, परत येताना मी खुशीत होते.

२२ जानेवारी

ऋषिराजच्या वेळा आल्या. पोरगा प्रामाणिक. "मॅडम, ड्यूटीत डोकं वर काढता येत न्हाई. झोपताना तेवढी आठवण येती. आईला सांगू नका." रात्रीच्या दोन-चार जुळल्या. दिवसभर उचक्या लागल्यावर काही जुळणारच, त्याला काय अर्थ? गाईड मात्र खूश – "निकाल नकारात्मक, पण पद्धत चोख!"

मग एवढ्या उचक्या कुणाच्या? 'योगायोग' लिहून मोकळी झाले.

२४ जानेवारी, सांगली

राहीबाई दवाखान्यात. दोन्ही किडन्या गेल्यात. डॉक्टर म्हणाले, "अंगात विष साठलं की अशा उचक्या लागतात. कधीपासून होत्या?" घरचे माझ्याकडं बघायला लागले. मी तारीखवार सांगितलं.

राहीबाईंनी उचकीतूनच विचारलं, "बाई, जुळलं न्हवं?"

"सगळं जुळलं," म्हटलं.