चष्म्याशिवाय पाहिलेलं पंचांग

कार्तिक वद्य पंचमी, संध्याकाळ

यंदाच्या पंचांगातलं अक्षर इतकं बारीक, की ग्रहांनाही आपापली घरं सापडू नयेत. छापखान्याच्या या अपराधाला शास्त्रात प्रायश्चित्त नाही. असो.

सईला वैमानिक म्हणून दोन छोट्या विमान कंपन्यांचं बोलावणं आलंय. गुवाहाटीची कंपनी डोंगराळ भागात उडते. तिथे ती लवकर कॅप्टन होईल. हैदराबादवालीत बढती सावकाश, पण तिचं विमान आपल्या घराजवळच्या ओझर विमानतळावर उतरतं.

"बाबा, गावाला मुहूर्त देता, मला निदान दिशा तरी सांगा," ती थट्टेने म्हणाली.

मी गंभीर चेहऱ्याने पान उलटलं. "पूर्व वर्ज्य. दक्षिण उत्तम."

मग गॅलरीत जाऊन तिने गुवाहाटीला फोनवर नकार कळवला. आत येऊन माझ्या सदऱ्याच्या खिशातला चष्मा काढला, माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "चहा टाकते."

म्हणजे मी पंचांग वाचलंच नव्हतं, हे तिला कळलं होतं. तरीही नकार दिला?

उद्या तिला सांगायला हवं, परत फोन कर म्हणून. सांगेन का? चष्मा अजून हातातच आहे. मला भीती डोंगरांची नाहीच. ती लांब गेली की या घरात मी एकटा उरेन, याची आहे.