बाबांची शेवटची बाटली

क्लीव्हलंड, १२ जानेवारी

चि. झोफ्का हिस,
अ. उ. आ. वि. वि.

तू तिकडे फ्लोरिडात उन्हाला पाठ करून संत्री सोलत असशील. इकडे दारातला बर्फ उपसून माझी कंबर धरली आहे. बातमी अशी की माझी नात ब्रुक लग्न करतेय. चर्चमध्ये नाही, आपल्या पोल्का नाचाच्या हॉलमध्येही नाही, तर जहाजावर! तुझ्याच गावच्या बंदरातून निघायचं आणि आठवडाभर समुद्रात भटकून परत यायचं. मुलगा टायलर दिसायला बरा आहे, पण आलुबुखाराची दारू त्याने जन्मात चाखलेली नाही. मी त्याला म्हटलं, मग तुझं लग्न व्हायला अजून वेळ आहे बाळा.

बाबांच्या तळघरातल्या दारूचा एकेक घोट नवरा-नवरीने घेतल्याशिवाय आपल्याकडे लग्न लागत नाही. आपल्या लुडविकने पहिल्या लग्नात आळस केला, त्याचं काय झालं ते आपण पाहिलंच. बाबांनी जायच्या आधी शेवटची बाटली माझ्याच हातात दिली आणि कोणाला सांगू नकोस म्हणाले, म्हणून मी तुम्हा सगळ्यांशिवाय कोणालाच सांगितलं नाही. वीस वर्षं ती मी पहिल्या नातीच्या लग्नासाठी जपली, आणि आता जहाजवाले म्हणतात, माणशी एक वाइन आणा, कडक दारू आणायची नाही. जहाज आहे की नन्सचा मठ? तू दर हिवाळ्यात असल्या बोटींवर हिंडतेस. काहीतरी उपाय सांग.

लोभ आहेच, त्यात उत्तराची भर घाल.
मिलेना


फोर्ट लॉडरडेल, २५ जानेवारी

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

ब्रुकचं ऐकून फार आनंद झाला. कंबरेला शेक दे आणि बर्फ उपसायला लुडविकला बोलव. भाऊ कशाला असतो?

उपाय इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माउथवॉशची बाटली रिकामी करायची, दारू भरायची, वर खायच्या निळ्या रंगाचे दोन थेंब टाकायचे. माझी शेजारीण मार्ज वर्षानुवर्षं हेच करते. मागच्या खेपेला नवऱ्याला सांगायचं विसरली. तो बिचारा रोज दोनदा चुळा भरायचा, तो तिसऱ्या दिवसापासून तासातासाला भरायला लागला. जहाजावरच्या डॉक्टरने त्याच्या हिरड्यांचं कौतुक केलं म्हणे.

पण ताई, रागावू नकोस, एवढा आटापिटा कशाला? बाटली घरीच राहू दे. घोटाचं काहीतरी होईल, लग्न अडणार नाही. बाबांनी ती तुझ्याच हातात दिली हे वीस वर्षं ऐकतेय, ते काही कोणी तुझ्यापासून हिरावून घेत नाही.

मोठ्यांना नमस्कार म्हटलं असतं, पण आता मोठी तूच उरलीस. माया असू दे.
तुझी झोफ्का


क्लीव्हलंड, ८ फेब्रुवारी

चि. झोफ्का हिस,
अ. उ. आ.

बाबांची दारू निळी करू? उद्या म्हणशील, त्यांच्या फोटोला लिपस्टिक लाव. घोट घ्यायचा तो बाबांच्याच बाटलीतून. आणि काहीतरी होईल म्हणजे काय होईल? तुला कधीच कशाची काळजी नसते. म्हणूनच बाबांनी ती तुला दिली नाही.

माझं ठरलं. मी पोटिका भाजणार. अक्रोडाचा एवढा लांबलचक गुंडाळलेला पाव कोण तपासतं? पाव उभा चिरायचा, आतून कोरायचा, बाटली निजवायची आणि साखरेच्या पाकाने शिवण बंद करायची. आई चर्चच्या सहलीला अशीच न्यायची, आठवतं ना? फादरना कधी पत्ता लागला नाही. लुडविकला एक अक्षर बोलू नकोस, त्याच्या पोटात काही राहत नाही. तू पोटिका भाजणं कधीच सोडलंस, नाहीतर तुलाही एक साधी आणायला सांगितली असती.

भेटीची ओढ आहे, राग पाव किलोच.
मिलेना


फोर्ट लॉडरडेल, २ एप्रिल

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

जहाजावर आठवडाभर तू माझ्याशी बोलली नाहीस. उतरल्यावरही टॅक्सीत बसून निघून गेलीस. तेव्हा तू त्या तपासणीच्या खोलीत यायच्या आधी काय झालं, ते आता लिहून कळवते.

जहाजावर चढलो त्या संध्याकाळी सगळ्यांच्या बॅगा आल्या, माझी आली नाही. निरोप आला की खाली या. गेले तर टेबलावर माझी पोटिका आणि शेजारी मान खाली घालून आपला लुडविक, त्याच्यापुढे त्याची पोटिका. पहारेकरीण बाईंनी यंत्रावरचं चित्र दाखवलं. पावाच्या पोटात बाटली, बाळ झोपावं तशी. आम्ही दोघं एकमेकांना काही विचारणार, तेवढ्यात काठी टेकत फ्रँकी आला. होय, बाबांचा न्हावी फ्रँकी, नव्वदीचा, काखेत पोटिका. बाईंनी विचारलं की तुमच्या देशात बाटल्या पावात पिकतात का. मग तू आलीस.

तुझा चेहरा पाहिला तेव्हा मला समुद्रात उडी टाकावीशी वाटली. बाईंनी चारी बाटल्यांना चिठ्ठ्या बांधल्या आणि उतरताना मिळतील म्हणाल्या. मग तू तुझा तो फतवा काढलास! दुसऱ्या दिवशी कप्तानाने लग्न लावलं, पण घोट झाला नाही म्हणून लग्न झालं नाही. सबंध सफरभर नवरी तुझ्या खोलीत आणि नवरा घोरणाऱ्या लुडविकबरोबर. टायलर सकाळी तांबारलेल्या डोळ्यांनी यायचा आणि तरी तुला खुर्ची ओढून द्यायचा. बंदरावर बॅगांच्या गाड्यावर बसून त्या दोघांनी तुझ्या बाटलीतून घोट घेतला, तेव्हा तो रडला. लोकांना वाटलं, आनंदाने. मला वाटतं, झोपायला मिळणार म्हणून.

ताई, मी फ्लोरिडाला यायला निघाले, त्या दिवशी बाबांनी माझ्या बॅगेत ती बाटली खुपसली. म्हणाले, ही शेवटची, आणि फक्त तुला. मिलेनाला सांगू नकोस, तिचं मन मोडेल. म्हणून तू दर नाताळात तुझ्या बाटलीचं सांगायचीस तेव्हा मी गप्प बसायचे. मला वाटायचं, तुझी दुसरीच कुठलीतरी असेल, खरी माझी. तुझी पकडली गेली तर ब्रुकचं अडू नये, एवढ्यासाठीच आणली होती गं. भाजताना बोट भाजलं, ते अजून दुखतंय.

राग पुरे. दोन ओळी तरी टाक.
तुझी झोफ्का


क्लीव्हलंड, २० एप्रिल

चि. झोफ्का हिस,
अ. उ. आ. बोटाला मध लाव.

तुझं एक वेळ मी चालवून घेतलं असतं. लुडविकचंही. पण न्हावी! मी फ्रँकीच्या घरी जाऊन जाब विचारला. म्हणाला, बाबा दर महिन्याला केस कापायला यायचे, एकदा बाटली ठेवून कानात म्हणाले की ही शेवटची, फक्त तुला. एवढं सांगून म्हातारा ढसाढसा रडला. त्याला वाटत होतं, बाबांचा जिवलग तो एकटाच. मी त्याला जवळ घेतलं आणि मग मीही रडले. मला वीस वर्षं हेच वाटत होतं, झोफ्का. माझ्यापाशी तेवढंच होतं.

काल ब्रुक आणि टायलर जेवायला आले. पोरगा सज्जन आहे, सूप दोनदा मागून घेतलं. निघताना ब्रुकला एकटीला स्वयंपाकघरात घेतलं, दार लावलं, आणि माझी उरलेली बाटली तिच्या हातात दिली. तोंडातून आपसूक निघून गेलं की ही शेवटची, फक्त तुला, कोणाला सांगू नकोस. तिने माझ्याकडे असं पाहिलं की बाबा हे पुन्हापुन्हा का करत होते, ते मला कळलं.

आता मागच्या अंगणातलं बाबांचं आलुबुखाराचं झाड फुलावर आलंय. बाबांची दारूची भट्टी लुडविककडे आहे, नाही म्हणत होता पण आहे. तुझी-माझी मिळून अजून सहा नातवंडं लग्नाची आहेत. सहा शेवटच्या बाटल्या लागतील. फळ उतरायच्या वेळी इकडे ये आणि महिनाभर राहा.

येताना रिकाम्या बाटल्या आण. माउथवॉशच्या चालणार नाहीत.

तुझीच, आणि फक्त तुझी,
मिलेनाताई