चार मापं तेल

११ जानेवारी २०२५

रामहरीची राजदूत मोटारसायकल आज टेम्पोतून आली. उतरवताना टेम्पोवाल्यानं मागचं मडगार्ड घासलं, त्याला चार शब्द सुनावले. चाळीस वर्षांपूर्वी टेंभुर्णीच्या गॅरेजात ह्या गाडीची पहिली सर्व्हिस मीच केलेली. तेव्हापासून रामहरीची आणि माझी दोस्ती. आता आठ-दहा वर्षं गाडी त्याच्या गोठ्यात पडून होती. टाकीवर कोंबड्यांची घाण, एअर फिल्टरमध्ये उंदराचं घर.

त्याच्या लग्नाला चाळीस वर्षं होतात म्हणे पुढच्या महिन्यात. नवीन लग्न झालं तेव्हा सोनाबाईला ह्याच गाडीवरून अक्कलकोटला नेलं होतं, तसंच परत न्यायचं. "मेस्त्री, तुज्याशिवाय कुणाच्या हातात देत न्हाय बग." म्हातारपणी हौस आली रामहरीला!

मी गॅरेज बंद केल्याला सात वर्षं झाली. घरामागं पत्र्याचं शेड तेवढं ठेवलंय. शालन म्हणते, आता पुरे. पुरे काय? टू-स्ट्रोकचा प्लग बघून इंजिनाच्या पोटातलं सांगणारा सोलापुरात दुसरा कोण उरलाय?

संध्याकाळी शालनशी शर्टावरून वाजलं. विहारात घालायचा माझा पांढरा शर्ट पिवळट पडलाय, जरा नीळ घालत जा म्हटलं. म्हणे, पांढराशुभ्र आहे, तुम्हाला खोड काढल्याशिवाय जेवण जात नाही.

१९ जानेवारी

इंजिन चालू झालं. पिस्टन साफ, रिंगा नव्या, कार्ब्युरेटर तीन वेळा धुतला.

सकाळी अक्कलकोट रोडला घरं संपतात तिथं नेली. टॉप गिअर, पूर्ण अॅक्सिलेटर, एक किलोमीटर. मग एकदम इंजिन बंद, क्लच दाबून कडेला. उभ्या उभ्या प्लग काढला. आत चिनीमातीचं टोक असतं, ते खोटं बोलत नाही. दुधाच्या चहाचा रंग आला की पेट्रोल-हवा बरोबर. काळं आलं की पेट्रोल जास्त. पांढरं आलं तर पेट्रोल कमी, इंजिन आतून भाजतंय, पिस्टन कधीही चिकटणार.

काळपट निघालं. अगदी काजळ नाही, कोऱ्या चहासारखं. पेट्रोल जास्त. कार्ब्युरेटरची सुई एक खाच खाली उतरवली.

२ फेब्रुवारी

अजून काळपटच. दुसरी खाच. आणि प्लग बदलून गरम प्लग टाकला. हा स्वतःची उष्णता धरून ठेवतो, त्यानं तेलाची काजळी जळून जाते. जुन्या इंजिनाला बरा.

परत तोच एक किलोमीटर. आता कसा दुधाचा चहा! धूरही नाही. घरी येऊन शालनला दाखवायला गेलो तर तिचे हात पिठात.

९ फेब्रुवारी

रामहरी आणि सोनाबाई मुक्कामाला आलेत. उद्या सकाळी निघणार.

तेलाचं नीट समजावलं. टू-स्ट्रोकला वेगळं ऑइल फिरत नाही, पेट्रोलात कालवलेलं तेलच पिस्टनला मिळतं. पाच लिटरला दोनशे मिली. त्यात कंजूषी केलीस तर पिस्टन धरेल. रामहरीची कंजूषी सगळ्या तालुक्याला माहीत. सोनाबाईनं पिशवीतून दुधाचं पन्नास मिलीचं माप काढलं. "चार मापं की भाऊजी. चाळीस वरसापूर्वी बी मीच मोजत हुते. ह्ये बोलायच्या नादात इसरत्यात." पंपावर तीच मोजणार, तो ओतणार. मग दोघं बराच वेळ हसत होते, कशाला ते मला कळलं नाही.

सोनाबाईनं शालनसाठी घरची केळी आणलीत. डझनभर तरी असतील.

१० फेब्रुवारी

सोनाबाई गेली. वळसंगच्या अलीकडं.

१३ फेब्रुवारी

लिहायला बसतोय तीन दिवसांनी.

दुपारी बाराचं ऊन, दोघं गाडीवर, साठचा वेग. इंजिन चालता चालता धरलं. मागचं चाक जागेवर अडकलं. क्लच दाबायला वेळच मिळाला नाही त्याला. रामहरीची मांडी मोडली. सोनाबाई डोक्यावर पडली. शेतातल्या बायका धावत आल्या, कानडीत काय काय बोलत होत्या म्हणे, त्यांनीच पाणी पाजलं, रिक्षा थांबवली.

पंचनामा झाल्यावर गाडी माझ्याकडंच आणून टाकली. आज इंजिन खोललं. पिस्टन सिलिंडरला चिकटलेला, उभे ओरखडे. पेट्रोल कमी पडलं तरी असंच होतं, तेल कमी पडलं तरी असंच. म्हणून आधी प्लग काढला, उन्हात धरला.

दुधाचा चहा. जसा सोडला तसाच.

म्हणजे माझं सेटिंग बरोबर होतं. तेलच कमी. चाराच्या जागी तीन मापं.

तीन रात्री पाठ टेकली नव्हती. आपल्या हातून तर काही झालं नाही ना, हाच किडा. प्लग बघितला आणि हायसं वाटलं. सोनाबाईची राख सावडून झाली नाही तोवर मला हायसं वाटलं. लिहून ठेवतो, विसरायला नको.

प्लग बामच्या रिकाम्या डबीत ठेवलाय. कुणी बोट दाखवलं तर दाखवायला.

१७ फेब्रुवारी

दवाखान्यात गेलो. रामहरीच्या पायाला वजन बांधलंय. मी विषय काढायला नको होता. काढला.

"किती मापं घातलीस?"

"चार. ती मोजत व्हती की."

"नीट आठव. प्लग दाखवतोय की माझं बरोबर होतं. मग तेलच राहतं."

त्यानं बोटांवर मोजून बघितलं. मग म्हणाला, "तीनच घातली असतील का रं मेस्त्री?"

मी म्हणालो, प्लग तसंच म्हणतोय.

मोजणारी ती होती. तिला आता कुठं विचारायचं?

२३ फेब्रुवारी

रामहरीची मुलगी आली होती, वैष्णवी. इथंच शाळेत शिक्षिका आहे. एकुलती एक. काका, खरं काय झालं ते सांगा म्हणाली. सांगितलं. डबी उघडून प्लग तिच्या हातात दिला. बघ, चहाचा रंग, म्हणजे गाडीत दोष नव्हता.

तिनं प्लगकडं बघितलं, मग माझ्याकडं. "हा चहाचा रंग?"

व्हय, म्हणालो. चाळीस वर्षं हेच करतोय बाई.

"तुम्हाला कळतं त्यातलं," म्हणाली. रडली नाही. जाताना चप्पल घालता घालता म्हणाली, "शंभर रुपयाच्या तेलात पण हात आखडला त्यांनी."

९ मार्च

रामहरीला गावी नेलं. वैष्णवी बघायला गेली नाही. फोनही उचलत नाही त्याचा.

२६ मार्च

गावी जाऊन आलो. घरामागं धरणाचं पाणी, मध्ये केळीची बाग. रामहरी ओट्यावर बसलेला. निम्मा झालाय. पुढ्यात पाण्याची बादली, हातात तेच दुधाचं माप. भरतो, ओततो. एक. दोन. तीन. तिथं थांबतो. परत पहिल्यापासून.

"तिसऱ्या मापाला मला शिंक आली मेस्त्री. ती हसली. तितंच चुकलं."

दवाखान्यात होता तेव्हा शिंकेचं काही बोलला नव्हता. आता त्याला शिंक आठवते, तिचं हसणं आठवतं, पंपावरची सावली कुठं पडली होती ते आठवतं. "मीच मारलं तिला," अगदी सरळ आवाजात म्हणाला. पोरगी बोलत नाही तेही बरोबरच हाय म्हणतो.

त्याचा भाऊ मला बांधापर्यंत सोडायला आला. "जेवत न्हाय. दोनदा वॉकर घिऊन पान्याकडं गेलाय. तिसऱ्यांदा आमी कुणी नसलो तर?" मी म्हणालो, लक्ष ठेवा. दुसरं काय म्हणणार.

एसटीत सगळा रस्ताभर वाटत होतं, प्लगचं बोललो नसतो तर? पण मग खोटं बोलायचं का? खरं ते खरं.

२ एप्रिल

सात रस्त्याला रिक्षाखाली जाता जाता वाचलो. शालननं हात धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं, ऐकूनच घेईना. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चांगला पिकलाय म्हणाले, वर्ष-दोन वर्षं तरी असणार. आधी डावा करायचा, उजवा नंतर. मला सगळं दिसतं म्हटलं. डॉक्टर हसले. "हळूहळू येतो, त्यामुळं कळत नाही. दिसतं तेच खरं वाटतं."

७ एप्रिल

रामहरीच्या भावाचा फोन. कालपासून मापपण हातात धरत नाही. भिंतीकडं तोंड करून पडलाय.

१० एप्रिल

डावा डोळा झाला. पट्टी आहे. शालन लिहू नका म्हणते.

११ एप्रिल

पट्टी काढली. दवाखान्यातून घरी आलो तर अंगणात दोरीवर माझा विहाराचा शर्ट, जयंतीसाठी धुतलेला. डोळ्यावर येईल इतका पांढरा. नीळ घातलीस का विचारलं. शालन म्हणाली, कधी घातली होती?

 मग शेडात गेलो. शालन मागून ओरडत होती, धूळ आहे तिथं. बामची डबी काढली, प्लग घेऊन उन्हात आलो.

डावा डोळा झाकून बघितला. दुधाचा चहा.

उजवा झाकून बघितला. पांढरा. खडूसारखा पांढरा.

शालनला हाक मारून तिच्या हातात दिला. कसला रंग आहे? "पांढरा की," म्हणाली. जानेवारीपासून आत्तापर्यंत हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

वैष्णवीला फोन लावला. म्हणालो, आत्ताच्या आत्ता गावी जा, बापाजवळ बस. चार मापं बरोबर होती. तुझ्या आईनं बरोबर मोजली होती.

"मग कुणाचं चुकलं, काका?"

सांगितलं.