नवरसांत लावलेल्या फायली

३ नोव्हेंबर, सकाळ
टक्, टक्, टक्. जाग आली ती स्वप्नातल्या गुरुजींच्या पट्टीच्या आवाजानं. पाचवीत कविता शिकवताना टेबलावर ताल धरायचे. पहिला प्रश्न ठरलेला, "रस कोणता?" कवीचं नाव मागाहून.
त्याच शिस्तीनं घरातले सगळे फोटो, व्हिडिओ, रेकॉर्डिंग मी कॉम्प्युटरवर लावलेत. प्रत्येक फाइलला रसाचा टॅग. आज कसोटी. इथंच बंगळुरात, चामराजपेटहून माझ्या जुन्या मित्राचा, आप्पाजीचा फोन. रविवारी सुनंदाबाईंचं वर्षश्राद्ध. बायकोचा आवाज त्याच्याकडे कुठंच नाही. माझ्याकडे आहे, गेल्या वर्षीच्या दसऱ्याला मोबाइलवर घेतलेला. म्हटलं, दोन मिनिटांत पाठवतो.

संध्याकाळ
'करुण' शोधलं. निम्मा कॉम्प्युटर पुढे आला. माझ्या मुलाची, प्रणीतची, मुंज. स्कूटर विकली तो दिवस. बाई नाहीत.

४ नोव्हेंबर
सूनबाई म्हणाली, "अण्णा, नाव, साल, प्रसंग एवढंच लिहायचं होतं की." सुनावलं, आठवण म्हणजे रेशनकार्ड नव्हे! "सरी, बरं तर, मग शोधा," म्हणाली क्षमा. आवाजात वीररस.

६ नोव्हेंबर
पद्धत चोख आहे. दिशा चुकली. बाई गेल्या त्या नंतर. टॅग लावला तेव्हा त्या हयात होत्या, रेकॉर्डिंगमध्ये कॉफीवरून आप्पाजीला झापत होत्या. म्हणजे हास्य!
'हास्य' उघडलं. नुसती माझी भाषणं. हे टॅग माझे नव्हेत. प्रणीतचा हात दिसतो.

८ नोव्हेंबर
शृंगार, वीर, रौद्र, अद्भुत, भयानक पालथे घातले. बीभत्सात सर्जापूर रोडचं ट्रॅफिक. शेवटी शांतही पाहिला. सुनंदाबाई आणि शांत! पण शास्त्र म्हणून पाहिला. क्षमा मदतीला आली, परत पाठवली. आप्पाजीचे फोन येतात. उचलत नाही, एकाग्रता मोडते. उद्यापासून उपरस, म्हणजे नवरसांबाहेरचे भक्ती, वात्सल्य वगैरे, सुरू करायचे. मग बघू कशी सापडत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार, दुपार
श्राद्धाला गेलो नाही. रिकाम्या हातानं कसा जाऊ? शिवाय काम ऐन रंगात.
बेल वाजली. कुरिअर असेल म्हणून बनियनवरच दार उघडलं. आप्पाजी! गुडघ्यांपायी वर्षभर घराबाहेर न पडलेला माणूस तीन जिने चढून आलेला. धापा टाकतोय. हातात डबा.
"नरसू, जेवला नसशील. वडे आहेत. आधी खा."
म्हटलं, अरे, फाइल म्हणजे काय आहे, पद्धत तशी...
त्यानं ऐकलंच नाही. खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसला. काठी टेबलाला टेकवली.
"पहिल्यापासून एकेक लाव," म्हणाला. "मला कुठं जायचंय?"