करदोट्याची किल्ली

मी, जोतीराम केरबा चौगले, वय वर्षे बासष्ट, दिवाणी कोर्टातील निवृत्त नाझर, मूळ गाव मुरगूड, हल्ली राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर, हे मृत्युपत्र माझ्या अकलेने, माझ्या हाताने व कोणाच्याही आग्रहाशिवाय लिहून ठेवतो. आग्रह झाला तो लिहू नका असाच झाला. गेल्या श्रावणात छातीत कळ येऊन गेली, तेव्हापासून हा विषय काढला की सौ. ताट आपटते. परंतु नोकरीभर मी लोकांच्या दारांना सील ठोकले आणि कागद नसल्यामुळे सख्खे भाऊ जिन्यात एकमेकांची गचांडी धरताना पाहिले. माझ्यामागे तसला तमाशा नको.

१. राहते घर व तळमजल्यावरील प्रसूतिगृह ही माझी पत्नी डॉ. सौ. श्यामला हिची स्वकष्टार्जित मिळकत आहे. तीत माझा हक्क नाही, सबब ती देण्याचा प्रश्न नाही. पेठेत मला नाझर म्हणून कोणी ओळखत नाही, डॉक्टरीणबाईंचे मालक म्हणूनच ओळखतात. त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. उलट भाजी स्वस्त मिळाली.

२. मुरगूडच्या जमिनीतील माझा हिस्सा थोरली बहीण आक्का हिला द्यावा. कारण लिहिणे भाग आहे, नाहीतर पुतणे विचारतील.

सन १९७१ साली सौ. ला मणक्याचे दुखणे झाले. ऑपरेशनच्या रोग्याला कळा सोसाव्या म्हणून टोचतात ते एक औषध तिला टोचले. दुखणे गेले, औषध राहिले. त्याचे नाव मी लिहीत नाही. मृत्युपत्र पुढेमागे कोर्टात वाचले जाते, आणि कोर्टातली बातमी पानपट्टीवर पोचायला किती वेळ लागतो ते मी जाणतो. भर चैत्रात ती लांब बाह्यांचे पोलके घालू लागली, तेव्हा नवी फॅशन आली वाटते म्हणून मी चेष्टा केली होती. मग एके दुपारी बाळंतपण आटोपून ती वर आली, दोन्ही हात माझ्यापुढे धरले आणि म्हणाली, "आज हात थरथरला. बाई-बाळ सुखरूप आहेत. पुढच्या वेळी नसतील. मला कुठेतरी घेऊन चला."

बभ्रा झाला असता तर डॉक्टरांच्या यादीतून तिचे नाव गेले असते. त्या नावासाठी ती रॉकेलच्या दिव्यावर शिकली होती, आणि पेठेतल्या बायका तिच्याशिवाय कोणाला हात लावू देत नव्हत्या. म्हणून दवाखान्यात न नेता मी तिला मुरगूडला आक्काकडे नेले. आक्काने तिला आपल्या शेजारी निजवले, ओकाऱ्या काढल्या, शिव्या खाल्ल्या. गावात काय सांगायचे ते आम्ही ठरवलेच नव्हते. आक्काने परस्पर सांगून टाकले की भावजयीला दिवस गेल्यात. मी रागावलो. तर म्हणते, "मग काय सांगू? आजारी हाय म्हटलं की काय झालंय म्हणून इचारत्यात. पोटुशी हाय म्हटलं की कोण न्हाय इचारत. उलट, भाईर काढू नगा म्हणत्यात."

बातमी कोल्हापुरात पोचली. आमच्या लग्नाला तेव्हा बरीच वर्षे झाली होती व मूल नव्हते. ज्यांची बाळंतपणे सौ. ने केली त्या पेठेतल्या बायका एस.टी. भरून मुरगूडला आल्या. नारळ, खण, पाच फळे घेऊन आल्या. नाही म्हणणार कोण? घामाने भिजलेल्या सौ. ला आक्काने पाटावर बसवले आणि त्यांनी तिची ओटी भरली. चिमणाबाई नावाची एकजण म्हणाली, "बाई, आमची पोरं तुमच्या हातनं झाली. तुमच्या बाळाला आमचं आयुष्य लागू दे." त्या गेल्यावर सौ. गोठ्यात जाऊन रडली. त्यानंतर तिने औषध मागितले नाही असे लिहिले तर ते खोटे होईल. मागितले. पुष्कळदा मागितले. पण शिव्या थांबल्या.

पुढे मूल राहिले नाही असे सांगावे लागले, आणि त्याच बायका घरी येऊन खऱ्याखुऱ्या रडल्या. त्यांचे उपकार कोणत्या कलमात लिहावे ते मला समजत नाही. त्या ओटीतले खण ट्रंकेत घडी घालून ठेवले आहेत. त्यांच्या कुंच्या शिवाव्यात, आणि प्रसूतिगृहात ज्या बाळाला अंगावर घालायला काही नसेल त्याला द्याव्यात.

३. भिंतीवरचे घड्याळ माझे मेहुणे श्री. अंबादास यांना द्यावे. कुळवाड्याच्या घरातल्या कारकुनाला बहीण दिली म्हणून ते लग्नाला आले नाहीत. नंतर आले तेव्हा हे घड्याळ मागे पडते असे म्हणाले. पडत नाही. मात्र बहिणीच्या दुखण्याचे सारे ठाऊक असून त्यांनी आजवर बाहेर चकार शब्द काढला नाही, म्हणून माझा निम्मा राग मी सोडला आहे. उरलेला घड्याळासोबत पाठवावा.

४. सायकल गुंडू बेलिफास द्यायची होती. पण तो या कागदाला साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देऊ नये हे मी जन्मभर लोकांना शिकवले. सबब सायकल प्रसूतिगृहातील नर्स तानाबाईच्या जावयाला द्यावी. गुंडूने मनाला लावून घेऊ नये.

५. आता किल्ली. सौ. मुरगूडहून परतली तेव्हा तिनेच नियम घातला, की त्या औषधाचे कपाट वेगळे असावे आणि किल्ली माझ्या करदोट्याला असावी. रोग्याला औषध लागले की तानाबाई कोर्टाच्या दारातून हाक मारी, "नाझरसायेब, चला, कपाट उघडाय पायजे!" मी जप्तीचा माल तसाच टाकून सायकलीवर निघे. मी कपाट उघडायचे, तानाबाईने टोचायचे, उरलेले माझ्यादेखत मोरीत ओतायचे. सौ. तोवर अंगणात उभी राही. नाझर बायकोला भितो असे सारे कोर्ट समजे. मी समजू दिले.

माझ्यामागे ही किल्ली कोणाकडे, ही एकच काळजी मला झोपू देत नाही. इतकी वर्षे जिने स्वतःला सांभाळले तिच्यावर आता माझा पुरा विश्वास आहे, तो कागदावर राहावा म्हणून पहिल्या मसुद्यात मी किल्ली सौ. च्या नावे लिहिली. मोठ्या कौतुकाने तो मसुदा तिला वाचून दाखवला. तिने माझ्या हातातला कागद मिटला. मग म्हणाली, "विश्वास राहू द्या. किल्ली मात्र नको."

मी विचारले, "अजून भीती वाटते?"

"रोज वाटते. वाटते आहे तोवर मी बरी आहे. किल्ली तानाबाईला द्या, आणि का ते तिला कळू द्या. तिच्यामागून येईल तिलाही. चोरीला भिऊन कुलूप लावतो असे किती दिवस सांगायचे?"

मी म्हणालो, कोणी वर कळवले तर तुझे नाव जाईल. ती म्हणाली, "नाव टिकावे म्हणून तुम्ही वाकलात, आक्का खोटे बोलल्या, बायका रडल्या. आता त्या नावाने मला खरे बोलता येऊ द्या."

पहिला मसुदा मी फाडला. सबब किल्ली तानाबाईला.

६. मृत्युपत्रास डॉक्टरचा दाखला जोडतात. मी समोरच्या डॉक्टरांना बोलावणार होतो. सौ. म्हणाली, घरात डॉक्टर असताना परका कशाला, आणि मला तर तुम्ही यात काहीच दिलेले नाही. कायद्याने तिचे बरोबर आहे. दाखल्यात ती काय लिहिणार ते मी विचारले नाही. जे लिहील त्यात फेरफार करण्याचा अधिकार माझ्या वारसांना नाही.

श्यामला, तुझ्यासोबत मी फार सुखात राहिलो. हे कलमात बसत नाही, तरी लिहितो.

येणेप्रमाणे लिहून, वाचून, दोघा साक्षीदारांदेखत सही केली.

ठिकाण : कोल्हापूर
तारीख : १४ नोव्हेंबर १९८४

(सही) जोतीराम केरबा चौगले

साक्षीदार :
(सही) गुंडू बाळा सुतार, निवृत्त बेलिफ
(सही) ज्ञानू आप्पा मेंगाणे, शेजारी

डॉक्टरचा दाखला

श्री. जोतीराम चौगले यांना मी आज तपासले. नाडी थोडी अनियमित आहे. बुद्धी शाबूत आहे, हट्टही शाबूत आहे. लिहिलेले सर्व त्यांना समजते. त्यांनी जे नाव लिहायचे टाळले ते पेथिडीन. त्याचे व्यसन मला होते. कपाटाची किल्ली माझ्याकडे देऊ नये, मी मागितली तरी देऊ नये.

(सही) डॉ. सौ. श्यामला जोतीराम चौगले
नोंदणीकृत डॉक्टर, मंगळवार पेठ, कोल्हापूर