पाच पट्ट्यांचा मासा

१५ जानेवारी १९८७, भिलाई

अरुण गेल्याची तार आली तिथून आज दहावा. दुर्गला शिवनाथच्या घाटावर पिंड ठेवला, पण कावळा शिवूनच नाही राहिला! लिंबावर बसून नुसता पाहे. माझे थोरले भाऊ शामरावदादा म्हणाले, "अरुण, तुझ्या बहिणीचं लग्न आम्ही थाटात करू." ढिम्म! त्याची आई सिंधू पदर पसरून कावळ्याले विनवू लागली. मग माझ्याच तोंडून निघालं — "अरुण बापू, तुझा मासा मी धरतो अन् नाव सांगतो!"

अन् उतरला कावळा.

दिवाळीत घरी आला तेव्हा पोट्टा मागेच लागला होता. "बाबा, पोर्ट ब्लेअरच्या जेट्टीखाली खडकात तळहाताएवढा मासा हाय. पिवळी पाठ, पाच काळे पट्टे. काय म्हणत असन त्याले?" मी म्हटलं, वैनगंगेकाठचा माणूस हावो मी, मासा पाहिल्याबिगर नाव नाही सांगत. तो हसला — "मंग या ना पाहाले!"

तिथंच मलेरियानं गेला. पंचवीस वर्षांचा! नोकरीवरच्या सोबत्यांनी अग्नी दिला. मले तोंडही नाही दिसलं त्याचं.

२ फेब्रुवारी

प्लँटात एलटीसीचा, म्हणजे प्रवासभाड्याच्या सवलतीचा अर्ज टाकला. कामावरचा कवडू म्हणे, पोरगा गेला अन् हा फिराले चालला! म्हणू दे. सिंधू येत नाही. "तुमी जा जी," एवढंच बोलली.

२० फेब्रुवारी, पोर्ट ब्लेअर

भिलाईहून डब्यात गांडुळं आणली होती, वाटेतच मेली. गळाले झिंग्याचा तुकडा लावून जेट्टीखालच्या एका दगडापाशी टाकला. लागला तो निळा! पट्टे पाच, पण पिवळी पाठ कुठं? हा नव्हे. सोडला.

२१ फेब्रुवारी

त्याच दगडापाशी पुन्हा निळाच. रडूच आलं मले. जन्म गेला मासे धरण्यात, अन् पोराचा एक मासा ओळखू येऊ नये?

बाजूच्या नाववाल्याले पिवळ्या पाठीच्या माशाचं विचारलं. तो म्हणे, "यही है, सार्जंट मेजर मछली. बाप है. अंडों की रखवाली में नीला पड़ गया. छोड़ दो, नहीं तो बाकी मछली अंडे खा जाएँगी."

सोडला. सरळ आपल्या दगडाकडं गेला. जा बापा, तुझी तरी वाचू दे! मग पाण्याकडं तोंड करून अरुणले मोठ्यानं नाव सांगितलं. लोक पाहून राहिले होते.

५ मार्च, भिलाई

सिंधूले सांगितलं — सार्जंट मेजर! तिनं निवडत्या तांदळाचं सूप बाजूले सरकवलं.

"मले माहीत होतं जी. दिवाळीतच सांगतलं होतं त्यानं. म्हणे, आई, बाबाले नको सांगू. नाव सांगाच्या निमित्तानं तरी येतीन माह्याकडं."