दहा कोयत्यांचा तक्ता

जालना,
रविवार, दुपार

प्रिय दादा,

फोनच केला असता, पण फोनवर तू मला एक वाक्य धड पूर्ण करू देत न्हाईस. परवा तर "तू तुझ्या पुस्तकाचं बघ, घरचं मी बघून राह्यलोय" म्हणालास आन् कट केलास. म्हणून पत्र लिहितेय. हे मधेच कट करता येत न्हाई. फाडायचं असेल तर फाड, पण पूर्ण वाचून फाड.

मला तुझा राग आलाय, आणि तो मी लपवणार न्हाई. आकांक्षा बारावीत आहे. तिला अठरा पूर्ण व्हायला अजून सात महिने आहेत. आणि तू टोळीतल्या धर्मराजशी तिचं लग्न ठरवून मोकळा झालास, तेही टोळी ऊसतोडीला निघायच्या आत उरकायचं म्हणून. का, तर नऊ कोयते पूर्ण आहेत आणि दहावा अर्धा आहे! आपल्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. धर्मराज एकटा, म्हणून तो अर्धा. त्याचा अर्धा भरायला तू आपली बहीण काढून दिलीस. वा रे मुकादम! सोयरीक जमवलीस की टोळीची भरती केलीस?

धर्मराजबद्दल माझी काही तक्रार न्हाई. पोरगा गरीब स्वभावाचा आहे, बाबा गेले तेव्हा दहा दिवस आपल्या दारात बसून होता. त्याला पण कुणी विचारलंय की न्हाई, देव जाणे.

आता तू माझ्या पुस्तकाला नावं ठेवलीस ना, मंग त्या पुस्तकाचंच ऐक. एम.बी.ए.च्या पहिल्या सत्रात आम्हाला 'व्यवस्थापनाची मूलतत्त्वे' हा विषय आहे. माणसांकडून काम कसं करून घ्यायचं, कामाची वाटणी कशी करायची, कोण कुणाला जबाबदार, असलं सगळं त्यात येतं. गिरिधर सर शिकवतात. त्यांनी सांगितलं, तुमच्या गावाकडच्या एखाद्या संघटनेचा तक्ता काढून आणा, नेटवरून उतरवलेला मला चालणार न्हाई. तरी निम्म्या वर्गानं मोठमोठ्या कंपन्यांचे तक्ते उतरवून आणले. मी आपली टोळी काढली. वर कारखाना, त्याखाली मुकादम, त्याखाली दहा चौकटी, एका चौकटीत एक कोयता. बाबा होते त्या सालची टोळी काढली मी, पहिल्याच चौकटीत बाबांचं नाव लिहिलं, कारभारी.

सरांना तक्ता लई आवडला. सगळ्या वर्गाला फळ्याजवळ धरून दाखवला. मंग मला विचारलं, ह्यात एकूण काम करणारी माणसं किती? मी जराही न थांबता म्हणाले, दहा. सरांनी फळ्यावर दहा लिहिलं. मंग म्हणाले, कामाची वाटणी सांगा. मी सांगायला लागले, गडी ऊस तोडतो, बाई पाचट सोलते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढते... आणि मधेच मला हिशेब लागला. दादा, वीस माणसं रे! वीस माणसं राबतात आणि मी दहा सांगितली. आईनं बांधलेल्या मोळीवर बसून मी पाढे पाठ केले आणि तिलाच मोजायचं विसरले. वर्गात कुणी हसलं न्हाई, कारण कुणाला कळलंच न्हाई. सर मला दहापैकी नऊ मार्क देऊन मोकळे झाले. त्या नऊ मार्कांची मला अजून लाज वाटते.

तेव्हा तुझ्या एकट्यावर चिडलेय असं समजू नकोस, माझ्यावर पण तेवढीच चिडलेय. पण तुला तरी कळायला पाहिजे होतं. आकांक्षा जन्मली तो हंगाम आठव. पार कृष्णेच्या काठी होतो आपण, ती कोपीतच, पाचटाच्या झोपडीत जन्मली. तू तेरा वर्षांचा. आईच्या वाटच्या मोळ्या बारा दिवस तू वाहिल्यास. फळीवर पाय सटकून तुझा गुडघा फुटला होता, त्याची खूण अजून आहे तुझ्या पायावर. आणि त्या बारा दिवसांत पण मुकादमाकडं नाव एकच होतं, कारभारी. तेव्हा तू बाबांवर रागावला होतास, का माझं नाव लावत न्हाईत म्हणून. आज तू स्वतः मुकादम झालास आणि तुला त्याचा बराबर विसर पडला!

आणि आई? बाबा गेल्यावर तू तिला सांगितलंस, आता तू अर्धा कोयता, घरीच बस. तुझ्या मनात तिला आराम द्यायचा होता, मला ठाऊक आहे. पण बावीस हंगाम राबलेल्या बाईला अर्धी म्हणून घरी बसवलंस, तिनं ते गुमान ऐकून घेतलं आणि आपण दोघं समजलो तिला चाललं.

मला राग जास्त ह्याचा येतो की तू असा न्हाईस. मला कॉलेजला घालायला निघालास तेव्हा तीर्थपुरीच्या बाजारात भुजंगकाका म्हणाले होते, पोरीला शिकवून काय तिला कलेक्टर करतोस का? तू भर बाजारात म्हणालास, करतो, तुमचं काय जातं? माझी पेटी डोक्यावर घेऊन तूच मला एस.टी.त बसवलंस. मंग एका बहिणीला पेटी आणि दुसरीला कोयता, हा कुठला न्याय? आमच्या पुस्तकात एक साधं तत्त्व आहे, ज्याच्यावर जबाबदारी टाकता त्याला तेवढा अधिकार पण द्या. आकांक्षावर तू जन्माची जबाबदारी टाकून राह्यलास. तिला एका शब्दानं तरी विचारलंस का?

आता शेवटचं. आकांक्षा इथं आहे, माझ्या खोलीवर. ती कॉलेजच्या शिबिराला गेलीय असं तुला सांगितलंय, ते खोटं आहे. मी तिला पळवून आणली असं तुला वाटेल, पण तसं न्हाई. तिला आईनं आणलं. जी बाई राजूरच्या गणपतीला पण कधी सोबतीशिवाय गेली न्हाई, ती काल पहिल्या गाडीनं पोरीला घेऊन जालन्याला आल्ती, कंडक्टरला विचारत विचारत. चहा प्याली आणि भिंतीवरचा तक्ता बघून म्हणाली, हे काय लावलंस? मी एकेक नाव वाचून दाखवलं. कारभारी म्हटल्यावर ती हसली, मंग म्हणाली, "अन् मी कुठंय ह्यात?" मी पेन घेतला आणि बाबांच्या नावाशेजारी लिहिलं, तुळजाबाई. तिनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "आता मुकादमाला पत्र लिही. तुला काय बोलायचं ते बोल, पर शेवटाला माझं लिही." तिचं ती बोलली तसं लिहितेय: "कल्याण, पोरीची परीक्षा होईस्तोवर ती हितंच ऱ्हाईल. तिला न्यायला येऊ नको, मी धाडणार न्हाई. तुला अर्धा कोयता कमी पडतोय ना? मंग मी हाय की. धर्मराजसंगं मी येते ऊस तोडाया. पर यादीत माझं नाव लिव्हायचं, त्याच्या शेजारी, पुरं नाव." दादा, ह्यावरून मी तिच्याशी तासभर भांडले. तिचे गुडघे बघितलेस का तू? पण ती ऐकत न्हाई, आणि निरोप तिचा आहे, मी त्यातला शब्द बदलणार न्हाई. खाली शाई मागून घेऊन अंगठा पण तिनंच उठवलाय. आता मुकादम तू आहेस, तूच ठरव. आईला नेतोस, आईच्या लेकीला नेतोस, की यंदा नऊच कोयत्यांची टोळी घेऊन जातोस?

तुझीच,
प्रियदर्शनी